होडीवाल्याचा धडा

गीतांजली निनावे अडतिसाव्या वर्षी बी.एड.ला बसली, तेव्हा वैशाली नगरातल्या शेजारणींनी तोंडावर कौतुक केलं आणि पाठ फिरताच 'या वयात काय दिवे लावणार' म्हणून घेतलं. दिवे लावायची तिला हौस नव्हती. अकरा वर्षं तिनं एका खाजगी शाळेत सहावी-सातवीला इंग्रजी शिकवलं होतं. मग एक दिवस नियमाचा कागद पुढे आला, बी.एड. नसलेल्यांनी घरी बसावं. प्राचार्यांनी निरोप देताना एवढं मात्र सांगितलं, की पदवी घ्या, पाठ घेण्याच्या परीक्षेत प्रथम श्रेणी आणा, जूनमध्ये नववी-दहावीची जागा तुमचीच. त्या एका वाक्यावर ती दोन वर्षं जगली.

घरात ती आणि वडील, दोघंच. शामसुंदर निनावे या हिंदी मुलखातल्या पोलादाच्या प्लांटात, हजेरी ठेवणाऱ्या टाइम ऑफिसात कारकून होते. रजेचा, बदलीचा, क्वार्टरचा, कसलाही इंग्रजी अर्ज लिहावा तर निनावेंनी, अशी त्यांची ख्याती. लहानपणी गीतांजलीला वाटे, साहेबलोकही बाबांना विचारूनच इंग्रजी बोलत असतील. निवृत्तीनंतर एकदा चहा पिता पिता ते म्हणाले, "मले इंग्रजी कधी समजलीच नाही, बेटा. जुने अर्ज होते, त्याच्यातलं नाव बदलवून उतरवत गेलो. कोनी मतलब विचारला असता त माही बोलती बंद." आणि खो खो हसले. गीतांजलीला हसू आलं नाही. एका भल्या माणसानं जन्मभर न समजलेली भाषा उतरवत बसावं, याचं तिला वाईट वाटलं, ते कायमचंच.

कॉलेजात तेवीस-चोवीस वर्षांच्या पोरापोरींत ती 'दीदी'. पहिल्या वर्षी सूक्ष्म अध्यापन होतं, म्हणजे सहा मिनिटांचा पाठ आणि त्यात एकच कसब दाखवायचं. आज फक्त प्रश्न विचारा, उद्या फक्त फळ्यावर लिहा, परवा फक्त शाबासकी द्या. विद्यार्थी म्हणून आपलेच सोबती बाकावर बसायचे आणि सगळी उत्तरं बरोबर द्यायचे. मग चाळीस पाठ योजना. प्रत्येकीत लाल शाईनं उद्दिष्टं: विद्यार्थी अर्थ समजून घेईल, विद्यार्थी आस्वाद घेईल. विद्यार्थ्याला विचारायची कुठे पद्धत नव्हती. बाकीच्यांनी मागच्या वर्षीच्या फायली समोर ठेवून उतरवल्या. हिनं स्वतःच्या डोक्यानं लिहिल्या आणि 'दीदी, क्यों जान दे रही हो' हे ऐकून घेतलं.

दुसऱ्या वर्षी चार महिने शाळेत शिकवायचं होतं. उतईकडच्या एका सरकारी शाळेत बाराजण गेले. तिथं इंग्रजीच्या शिक्षकाची जागा किती वर्षं रिकामी होती, हे हेडमास्तरांनाही आठवत नव्हतं. दरवर्षी कुठल्या ना कुठल्या कॉलेजची पोरं यायची, आणि त्यांच्यावरच इंग्रजीचा तास निघायचा.

पहिल्या दिवशी तिनं नववीत होडीवाल्याचा धडा घेतला. दोन पानांचा सोपा धडा, एक म्हातारा, एक नदी, एक होडी. प्रश्न पुरता तोंडातून निघाला नाही, तोवर तीस हात वर. मोनू नावाच्या पोरानं तर पुढच्या प्रश्नाचंही उत्तर देऊन टाकलं, चक्क इंग्रजीत. गीतांजली हरखली. म्हणाली, "वा! अब किताब में दिखाओ, नदी कहाँ लिखा है?"

मोनूनं पुस्तकावर बोट ठेवलं, ते चित्रातल्या नदीवर.

मग तिनं पुस्तकं नीट पाहिली. होडीवाल्याची दोन पानं बोटांनी काळी झालेली, आणि बाकीचं पुस्तक करकरीत. वर्गातल्या कपाटात होडीचे तक्ते गुंडाळून ठेवले होते, ते तिनं मोजले नाहीत. जो येई तो हाच धडा घेई. चित्र काढायला सोपं आणि पोरांना पाठ. कोणत्या मॅडमच्या कोणत्या प्रश्नाला कुणी उठायचं, हेसुद्धा पोरांनी आपसात ठरवून टाकलं होतं. "हमारी क्लास में कोई मैडम आज तक फेल नहीं हुई," मोनूनं अभिमानानं सांगितलं. यात पोरांची लबाडी काडीची नव्हती. मॅडमला मदत करायची, एवढंच त्यांना इंग्रजीच्या तासाचं प्रयोजन माहीत होतं.

गुंजन शेवटच्या बाकावर बसायची. तिला कुठलंच उत्तर वाट्याला आलं नव्हतं, कारण ती अडखळायची. एकदा डबा खाताना तिच्या तोंडून मराठी शब्द गेला आणि गीतांजलीनं कान टवकारले. गुंजनचा आजा भैयालाल गोंदियाकडून येऊन प्लांटात राबलेला. मराठी त्यांच्या घरात होती, घराबाहेर नाही. "कावून बोलत नाहीस वर्गात?" गीतांजलीनं विचारलं. "मले पाठच नाही होत, मॅडम." "मग तुले वाचायले शिकवतो. चालते?"

रोज मधल्या सुट्टीत वीस मिनिटं, व्हरांड्याच्या पायरीवर. आधी अक्षरं, मग अक्षरांची जुळणी. गुंजन शब्दाखाली बोट ठेवी, ओठ हलवी, अडे, पुन्हा मागे जाई. ऑक्टोबरात एका सकाळी ती धापा टाकत आली. "मॅडम, आजाच्या गोळीच्या पाकिटावर 'आफ्टर फूड' लिहून हाय! आमी दोन वरीस उपाशी पोटीच देऊन राहिलो होतो. म्हणून त्याच्या पोटात आग पडे."

अकरा वर्षांच्या नोकरीत गीतांजलीला असं काही कुणी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी घरी जाऊन तिनं वडिलांना दोनदा हे सांगितलं. ते चष्मा पुसत राहिले.

डिसेंबरात अंतिम पाठ आला, पन्नास गुणांचा. बाहेरचे परीक्षक येणार होते. कॉलेजचे विजयकुमार सर माणूस वाईट नव्हते. त्यांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं, "मैडम, वही नदी और नाव वाला पाठ ले लीजिए. बच्चे तैयार हैं, आपका फर्स्ट क्लास पक्का." तिनं मान डोलावली आणि घरी येऊन सातव्या धड्याची योजना लिहिली. रेल्वे फाटकावरच्या एका माणसाची गोष्ट होती. ती पानं कुणी उघडलेलीच नव्हती. एक पोरगी खरोखर वाचते, हे कुणीतरी शहाण्या माणसानं पाहावं, एवढीच तिची हाव. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण तेव्हा तिला ते कोण सांगणार!

आधी उन्नतीचा पाठ झाला. उन्नती तिच्याच तुकडीतली, चोवीस वर्षांची. होडीवाला. हात सपासप वर, उत्तरं खणखणीत. परीक्षक खुश. मग गीतांजली उभी राहिली. फाटकवाल्याचं नाव काढताच वर्ग चिडीचूप झाला. मोनू गोंधळून इकडे तिकडे पाहू लागला. याचं उत्तर कुणाकडे आहे, हे ठरलेलंच नव्हतं. गीतांजली म्हणाली, "गुंजन, पहला पैराग्राफ पढ़ो."

गुंजननं वाचला. बोट ठेवून, थांबत, एका शब्दावर तीनदा आपटून, पण कुणाच्या मदतीशिवाय, जन्मात न पाहिलेला परिच्छेद. शेवटचं वाक्य तिनं वाचलं आणि स्वतःशीच हसली, कारण ते तिला समजलं होतं. गीतांजलीनं वर्गाच्या मागच्या टोकाला पाहिलं. परीक्षक घड्याळ पाहत होते. "बैठ जाओ बेटा," ते म्हणाले, आणि कागदावर लिहिलं: वर्गाची तयारी नाही, प्रतिसाद नाही, शैक्षणिक साहित्याचा वापर नाही.

उन्नतीला सेहेचाळीस मिळाले, गीतांजलीला एकवीस. प्रथम श्रेणी गेली. प्राचार्यांना फोन केला, तर ते म्हणाले, "अरेरे," आणि जागेचं नाव काढलं नाही. शामसुंदरांनी एवढंच विचारलं, "पोरीनं वाचलं ना पन?" ती हो म्हणाली. काही दिवस तिनं त्याच गोष्टीचा आधार धरला. नोकरी गेली तर गेली, गुंजन वाचते.

जानेवारीत ती शाळेत प्रमाणपत्र घ्यायला गेली. हेडमास्तर कुठल्याशा मीटिंगला गेलेले, म्हणून ती व्हरांड्यात थांबली. नववीत दुसऱ्या कॉलेजच्या कुणा पोरीचा अंतिम पाठ चालला होता. खिडकीतून होडीचा तक्ता दिसत होता. बाईंनी प्रश्न विचारला आणि गुंजन उठली. समोरच्या भिंतीकडे पाहत तिनं होडीवाल्याचा अख्खा परिच्छेद धडाधड म्हणून टाकला. पुस्तक बाकावर मिटलेलं होतं. "व्हेरी गुड!" मागून कुणीतरी म्हणालं.

तास संपल्यावर गुंजन धावत आली. "मॅडम, पायलं का? आज मी नाही अटकली. बोट बी नाही लावलं."

"आणि फाटकवाल्याचा धडा? तो पुढं वाचला का?"

गुंजननं मान हलवली. "नाही मॅडम. वाचलं का अटकतो. माह्याच्यानं तुमचे नंबर गेले, मोनूनं सांगितलं. त्यानंच मंग माह्याकडून पाठ करून घेतलं. एक महिना लागला." मग म्हणाली, "पहिलेच केलं असतं त तुमी पास झाल्या असत्या."

"तुझ्यानं काही गेलं नाही, गुंजन. तू बरोबर वाचलं होतंस," गीतांजली म्हणाली. गुंजननं मोठ्या माणसासारखी समजुतीनं मान डोलावली. तिचा विश्वास बसला नव्हता. मग काही आठवून तिनं कंपास उघडला आणि गोळ्यांचं एक पाकीट काढलं. "बरं झालं तुमी आल्या. डॉक्टरनं आजाची गोळी बदलवली. याच्यावर काय लिहून हाय, पाहून सांगा न."

"तूच वाच."

गुंजनचं बोट पाकिटावर गेलं, पहिल्या अक्षराखाली क्षणभर टेकलं. मग तिनं ते उचललं आणि मुठीत घेतलं.

"नको मॅडम. मी चुकली त आजाले त्रास होईन. तुमी सांगून द्या, मी पाठ करून घेतो."

घंटा झाली. गीतांजलीनं पाकिटावरचे दोन शब्द तिला वाचून सांगितले. गुंजननं ते डोळे मिटून तीनदा म्हटले, आणि वर्गात पळाली.