वळणावरची डबल बेल

जयवंतदादा गेले हे मला बोईसरच्या स्टँडवर कळलं. गाडी लागायची होती, मी तिकिटाच्या मशीनमध्ये कागदाचा रोल घालत होते, आणि कंट्रोलरनं खिडकीतूनच हाक मारली, "मॅडम, तुमचे राऊत ड्रायव्हर गेले हो, सकाळी." तर माझ्या तोंडून पहिला प्रश्न काय निघावा? "गाडीत माणसं होती का?" कंट्रोलर माझ्याकडे बघतच राहिला. "कसली गाडी? सुट्टी होती त्यांची. घरच्या वाडीत पाणी सोडत होते, छातीत कळ आली, तिथंच बसले ते बसले..." तेव्हा कुठं माझा जीव भांड्यात पडला. माणूस गेल्याचं ऐकून जीव भांड्यात पडला, हे वाचून कुणाला विचित्र वाटेल. वाटू दे. हा माणूस कशाला घाबरत जगला ते मला माहीत होतं आणि तेवढं एक घडायच्या आत तो सुटला, एवढंच त्या क्षणी मला कळलं. रडू नंतर आलं, घरी भाकरी थापताना.

मी साताऱ्याकडची. नवऱ्याला बोईसरच्या कारखान्यात काम मिळालं म्हणून इकडं आले आणि एसटीच्या लाल डब्यात कंडक्टर झाले. दादा इथलेच, पालघरजवळच्या माहीमचे, घरची पानवेलीची वाडी, नारळ, सगळं व्यवस्थित. पालघर–तारापूर ही आमची गाडी. पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "काय सातारकरीण, समुद्र बगितलाय का कदी?" मी म्हटलं, "समुद्र नाही, पण खडूस ड्रायव्हर पुष्कळ बघितलेत." झालं, तिथून आमची गट्टी जमली. मी त्यांना दादा म्हणायचे, ते मला बाय म्हणायचे, आणि भांडण नाही असा आमचा दिवस जायचा नाही. स्टेअरिंगवर मात्र माणूस एकदम शांत. कोळणी माशाचे टप घेऊन दारातच उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "राऊतभाऊ हाय ना, मग धरायला कशाला लागतंय!" गाडीच्या छताला ती दोरी असते बघा, एकदा ओढली की थांब, दोनदा ओढली की चल. दिवसभर आमचं खरं बोलणं त्या दोरीवरूनच व्हायचं.

मग एका दुपारी कुरगावच्या अलीकडच्या वळणावर ते झालं. खरं म्हणजे काहीच झालं नाही. कंपन्यांची पाळी सुटली होती, टँकर, रिक्षा, मोटारसायकली, सगळे एकमेकांच्या अंगावर. मोटारसायकलवरचा एक कामगार आम्हाला ओव्हरटेक करताना घसरला आणि आमच्या मागच्या चाकापाशी पडला. दादांनी ब्रेक दाबला. तो उठला, पँट झटकली, "कुछ नहीं हुआ चाचा, चलो चलो," म्हणाला आणि मोटारसायकल उचलून निघूनसुद्धा गेला. दादा मात्र खाली उतरून त्या चाकाकडं बघत उभे राहिले. टायर आणि त्याचं डोकं यांच्यामध्ये किती जागा उरली होती ते त्यांनी पाहिलं होतं. काही झालं असतं तर चौकशी झाली असती, रजा मिळाली असती, चार माणसं विचारपूस करायला आली असती. न झालेल्या गोष्टीची रजा कोण देणार? संध्याकाळी ड्रायव्हर कमी म्हणून त्यांना पुढची ड्युटीही लावली, आणि त्यांनी ती केली.

काही दिवसांनी त्याच वळणावर गाडी खड्ड्यात आदळली आणि दादांनी आरशातून विचारलं, "बाय, मागं कोन पडलं नाय ना? सहज इचारतो." मी मागच्या काचेतून पाहिलं. रस्ता रिकामा. तिकिटं चालू होती, बोलायला फुरसत नव्हती, म्हणून दोरी दोनदा ओढली. त्यांनी मान हलवली. तीच आमची रीत पडली. वळण आलं की मी मागं बघायचे आणि डबल बेल द्यायचे. पुढं वळणाची गरज राहिली नाही. खड्डा, गतिरोधक, कुणी दप्तर आपटलं तरी त्यांचे डोळे आरशात यायचे आणि माझा हात वर जायचा. स्टँडवर उतरले की ते टायरवरून तळवा फिरवायचे आणि तळव्याकडं बघायचे. लोक म्हणायचे, काय काळजी घेतो गाडीची! मला तो तळवा बघवायचा नाही. एकदा सुनंदावहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, मला बाजूला घेतलं. "बाय, ड्युटी करून आले की मला स्कूटरवर बसवतात आनि परत त्या रस्त्याला नेतात. कुनी पडलाय का बगायला. मला लय भ्या वाटते गो." मी दादांना म्हटलं, डॉक्टरला दाखवू. तर हात जोडले त्यांनी. "नको गो. येडा झालो म्हनतील. स्टेअरिंग काडून घेतील, मग मी कोन?"

एवढं सगळं चालू असताना माणूस रोज भरलेली गाडी चालवत होता, आणि मी त्याच गाडीत तिकिटं देत होते. आणि एक दिवस मला बेल द्यायला उशीर झाला. दोन बायका जागेवरून भांडत होत्या, मी मध्ये पडले होते. ऐन वळणावर गाडी कचकन थांबली. मी मागच्या काचेकडं पाहिलं तर रस्ता रिकामा नव्हता, टँकर येत होता, हॉर्न देत, मोठा मोठा होत... तो काचेला चिकटल्यासारखा थांबला. गाडीत एकच किंकाळी उठली. आणि दादा? ते केबिनमधून उतरून, रस्त्यावर गुडघे टेकून गाडीखाली बघत होते. टँकरवाला शिव्या देत होता, ते त्यांना ऐकूही येत नव्हतं. मी त्यांचा दंड धरला. "आयच्यान, बाय, मला आवाज आला," म्हणाले. मी म्हटलं, "दादा, आज कुणी नव्हतं गाडीखाली. पण गाडीत आम्ही होतो."

मग ते कबूल झाले. पालघरच्या डॉक्टरीणबाईंकडं आम्ही तिघं गेलो. बाईंनी शांतपणे सगळं ऐकलं, हे दुखणं आहे, वेड नाही, औषध आहे, म्हणाल्या. आधी गाडी बंद. मग माझ्याकडं वळल्या, "आणि तुमची बेलसुद्धा बंद. ती बेल म्हणजे खाजवणं आहे. क्षणभर बरं वाटतं आणि खाज वाढते." घ्या! मी आपली माणसाला सांभाळतेय म्हणून दोरी ओढत होते. दादांनी सगळीकडं पाठीचं दुखणं सांगितलं. पाठ म्हटल्यावर सगळे हळहळले, तेल कुठलं लावायचं तेही सांगून गेले. डोकं म्हटलं असतं तर चहाच्या टपरीवर महिनाभर पुरलं असतं.

बऱ्याच दिवसांनी, डॉक्टरांनी होकार दिल्यावर, ते परत गाडीवर आले. पहिल्या दिवशी वळण जवळ आलं तशी मी तिकिटं थांबवून दोरीपाशी आले. खड्डा लागला. आरशात त्यांचे डोळे आले. मी दोरी धरून उभी होते, ओढायची नव्हती. आयुष्यात एवढी जड वस्तू मी कधी धरली नाही. आता थांबवतात, आता उतरतात... कपाळावरचा घाम भुवईवरून खाली आला, त्यांनी तो पुसलासुद्धा नाही. पण गाडी चालत राहिली. तारापूरला चहाचा ग्लास दोन्ही हातांनी धरून म्हणाले, "मेलो असतो गो आज." मी म्हटलं, "मग मला पण घेऊन मेला असता की." खूप दिवसांनी हसले. त्यानंतर रोज थोडं सोपं होत गेलं. अगदी गेलं असं नाही, पण टायरवरचा तळवा सुटला. एवढ्यातच ते वाडीत बसले ते बसले.

आता माझ्या गाडीवर निखिल आहे, जव्हारकडचा, लग्न नुकतंच झालेलं. गोड स्वभावाचा आहे, हिंदी गाणी गुणगुणतो. त्यालाही डबल ड्युटी लागते, पाळी सुटायची वेळ तीच आणि वळणही तेच. परवा तिथं खड्डा लागला. माझा हात सवयीनं दोरीवर गेलाच होता, आणि आरशात डोळे आले.

"ताई, मागं कोन पडलं नाय ना? सहज इचारलं."

दादांनीही पहिल्यांदा सहजच विचारलं होतं. मी मागं पाहिलं नाही. दोरी सोडली आणि दांड्या धरत धरत पुढं केबिनपाशी गेले. "निखिल, सुट्टी कधी आहे तुझी? पालघरला एक डॉक्टरीणबाई आहेत, आपण जाऊन येऊ."

मला वाटलं, हसेल. "मला काय झालंय?" म्हणेल. पण त्याचं गाणं कधीच थांबलं होतं. आरशात दिसणाऱ्या मागच्या रस्त्यावरून नजर न काढता हळूच म्हणाला, "येतो, ताई... पन डेपोत कुनाला सांगू नका."