स्वरयंत्र ठेवायचं की काढायचं

आमच्या घरात कॉलेज पाहिलेली पहिली मी. बी.कॉम. झाले, शहापूरला नोकरीला लागले. तेव्हापासून घरात कसलाही कागद आला की तो माझ्याकडे येतो. मला त्याचा अभिमान आहे, उगाच लपवत नाही. आईच्या गळ्याचे रिपोर्ट आले तेव्हाही दादाने फाइल माझ्या मांडीवर ठेवली. "तू शिकलेली, तूच ठरव."

स्वरयंत्राचा कॅन्सर होता आणि बराच पुढे गेला होता. मुंबईच्या डॉक्टरांनी दोन उपाय सांगितले. ऑपरेशन करून स्वरयंत्र पूर्ण काढायचं. मग गळ्याला कायमचं भोक, श्वास तिथूनच, आणि मागाहून रेडिएशन, ज्याला आमच्याकडे लाइट घेणं म्हणतात. नाहीतर ऑपरेशन टाळून केमो आणि लाइट एकदम. त्यात स्वरयंत्र राहतं. त्यांचा कल ऑपरेशनकडे होता, पण दुसरा दरवाजा त्यांनी लावून घेतला नव्हता.

"सुरी लावली का पसरतो," दादा म्हणाला. "सगळे सांगतात."

"सगळे म्हणजे कोण? धसईच्या बाजारातले भाजीवाले?"

"हां, कॉलेजवाली! मग सांग ना, काढा म्हणून."

ते मला सांगवत नव्हतं. आईने बांधावरून हाक मारली तर पलीकडच्या पाड्यातली माणसं मागे वळायची. तो आवाज माझ्या सहीने जाणार होता. मोबाइलवर मी रात्रंदिवस वाचत बसले आणि शेवटी दादाच्याच बाजूला गेले. त्याला सुरीची भीती, मला आवाज जाण्याची. आईला मात्र दोघांनीही "गाठ आहे" एवढंच सांगितलं होतं.

पुढच्या खेपेला आम्ही दोघंच आत गेलो. डॉक्टर म्हणाले, "आई कुठे?"

"बाहेर बाकावर."

"गळा कोणाचा आहे?"

त्यांनी तिला आत बोलावलं, समोर बसवलं आणि सगळं सांगितलं, कॅन्सर या शब्दासकट.

"ठावं हाय," आई म्हणाली. "मशेरी सोड म्हणून ही रडली, तवाच समजलं. भोक पडल्यावर चूल फुंकायची कशी?"

डॉक्टर म्हणाले, "तोंडाने फुंकर नाही मारता येणार."

इतकं वाचलं होतं मी, पण हा प्रश्न कुठेच आला नव्हता.

"गॅस हाय ना घरात," दादा म्हणाला.

"गॅसवरची भाकर तुला गोड लागंल. मला नाय." मग ती डॉक्टरांकडे वळली. "आन ठसका?"

ठसक्याने तिला पुरतं बेजार केलं होतं. घोटभर पाणी प्यायली तरी डोळे पांढरे व्हायचे. चारचौघांत पाणी प्यायचं तिने सोडलंच होतं. पेजसुद्धा आत बसून एकटी प्यायची.

डॉक्टरांनी कागदावर गळा काढून दाखवला. आत्ता श्वास आणि घास एकाच दारातून जातात. ऑपरेशननंतर दोघांच्या वाटा कायमच्या वेगळ्या होतील, मग पाणी श्वासात जायचं कारणच उरणार नाही. लाइटने स्वरयंत्र राहील, पण ते आधीच बिघडलेलं. राहिलं तरी नीट चालेल याची खात्री नाही, ठसका वाढूही शकतो.

"मग काढा."

"आई, आवाज जाईल गो तुझा."

"बरं झालं की! माझी बोलणी खायची वाचलीस." मग जरा हळू म्हणाली, "आवाज ठेवून उपाशी मरू काय?"

खरं सांगते, मला तिथेच सुटल्यासारखं झालं. बाहेर येऊन दादा आणि मी चहा घेतला. कितीतरी दिवसांनी आम्ही भांडलो नाही.

ऑपरेशन झालं, लाइट झाले. नंतर बोलता यावं म्हणून भोकात छोटा वॉल्व बसवला. भोक बोटाने दाबून आई बोलते. आवाज जाडा, बाप्यासारखा. "बाबाच परत आले," म्हणून दादा चिडवतो, आणि ती बोट न लावता नुसत्या डोळ्यांनी त्याला गप्प करते.

परवा तपासणीला गेलो. नळी घालून बघितलं. "सगळं स्वच्छ आहे," डॉक्टर म्हणाले. तेव्हाही माझा जीव पुरता भांड्यात पडला नव्हता. येताना मुरबाडच्या स्टँडवर धसईची गाडी लागायची होती. आईने हॉटेलात पाणी मागितलं आणि भरलेला ग्लास सगळ्यांसमोर, एका दमात रिकामा केला. मी सवयीने उठून तिच्या पाठीमागे हात नेला होता. ठसका आलाच नाही.

तिने भोकावर बोट ठेवलं. "बघते काय अशी? बस खाली. भजी मागव."