आलंच, दहा मिनिटं

अमेरिकेत सनीव्हेलच्या आमच्या कॉम्प्लेक्समधले काका दर शनिवारी आम्हाला हाइकला नेतात. चढ कितीही उरलेला असो, मागे न बघता म्हणतात, "आलंच, दहा मिनिटं!" ही थाप आम्हाला पाठ आहे, तरी पाय उचलले जातात.

यंदा त्यांच्याबरोबर उत्तर स्पेनमध्ये चालायला गेलो. दुपारपर्यंत माझ्या पायांचे तुकडे पडले. समोर डोंगरांच्या निळ्या रांगा होत्या, पण मान वर करायचंही त्राण नव्हतं. पुढच्या वळणावर काका दगडावर बसलेले दिसले.

"किती राहिलं, काका?"

"पाच मैल," ते बुटाची नाडी सोडत म्हणाले.

खरा आकडा त्यांनी पहिल्यांदाच सांगितला होता. मी त्यांची सॅक उचलली. "आलंच काका, दहा मिनिटं."

"थापाड्या," ते पुटपुटले आणि नाडी बांधून उठले.