तिच्या हातचं शेवटचं दही

बायको गेली त्याच्या आदल्या संध्याकाळी तिनं दही लावलं होतं. दुसऱ्या दिवशी दही कोणाला सुचतं? सगळं आटोपल्यावर फ्रिज उघडला, तर स्टीलच्या डब्यात ते जसंच्या तसं. चमचासुद्धा लागलेला नाही. मी त्याला हात लावला नाही. तिच्या हातचं शेवटचं होतं. खायला पाकिटाचं आणत गेलो आणि हे मागं सरकवून ठेवलं.

तिच्या आईनं लग्नानंतर गाडग्यात घालून दिलेलं विरजण ते. रोज थोडं काढायचं, नव्या दुधात घालायचं, असं घरात चालत आलेलं. ते काम तिचं. विरजण नुसतं जपून ठेवलं की मरतं, त्याला रोज दूध पाजावं लागतं, हे मला कोण सांगणार?

एक दिवस नंदनवन वस्तीतल्या सासरहून मुलगी आली. तिनं डबा उघडला. वर हिरवी-काळी बुरशी, कडेला गुलाबी डाग.

"बाबा, फेका न हे! काहून ठेवून राहिले?"

"वरचं काढतो. खालचं चांगलं असंल."

"खालपर्यंत जाते बुरशी. दवाखान्यात भरती व्हाचं हाये का?"

फेकतो म्हणालो. ती गेल्यावर बुरशी खरवडली आणि तळातलं चमचाभर दुधात घातलं. सकाळी दुधाला तार सुटलेली, वास असा की नाक धरलं. पुन्हा लावलं. तेही नासलं. डब्यात मग काही उरलंच नाही.

संध्याकाळी तसाच उठून शेजारणीकडे गेलो. बायको तिला विरजण देत असे.

"वहिनी, आमच्या घरचं विरजण तुमच्याकडे हाये न?"

"आता आठवली शेजारीण! अन् दिवे लागल्यावर विरजण देत नाही कोणी, भाऊजी."

मग माझं तोंड पाहून ती हसायची थांबली. वाटी भरून आणली.

"घ्या. पण खरं सांगतो, तुमचं तं मागच्या उन्हाळ्यातच नासलं. हे माह्या बहिणीकडचं व्हय."

तरी आणलं. दूध कोमट केलं, लावलं, झाकलं. सकाळी पाहिलं तर घट्ट, वर पाण्याचा थेंब नाही. बोट बुडवून चाटलं. गोड होतं. आमच्या घरचं दही आंबट, जिभेला झोंबणारं. ती चव आता कुठंच नाही, आणि काही दिवसांनी माझ्या तोंडालाही आठवणार नाही.

भांडं समोर घेऊन बसलो. कोणी खावं ते?