उधन्याचा बिनकानी राक्षस

समस्त मानवजातीस कळवण्यात येते की, गेल्या मंगळवारी सुरतेत, उधन्यातल्या चहाच्या टपरीवर, माझ्यादेखत एक राक्षस जन्मला!

त्याचा जन्मदाता कापड विणायच्या लूमवर कामाला. फावल्या वेळात मोबाइलवर गेमसाठी अर्धी माणूस, अर्धी राक्षस अशी पात्रं काढतो. नाव मी कधी विचारलं नाही. रोज गप्पा मारताना तो माझ्या तोंडाकडे टक लावून बघायचा. मला वाटायचं, मिशा आवडल्या असाव्यात.

गेमवाल्यांनी या राक्षसाचं चित्र दोनदा परत पाठवलं होतं: राक्षस झकास, पण यात माणूस दिसत नाही. आता शेवटची संधी होती, नाहीतर काम दुसऱ्याला जाणार होतं.

“भाऊ, शिंगं आहेत, सुळे आहेत,” मोबाइलवरचं चित्र बघून मी म्हणालो, “पण कान विसरलात की!”

“पंधरा वर्षं लूमच्या खडखडाटात उभं करा,” तो म्हणाला, “राक्षसाचे पण कान जातील.”

माझ्या मिशांचा गर्व तिथेच उतरला. इतके दिवस तो माझे ओठ वाचत होता.

मग त्याने बोटाने राक्षसाची नजर जराशी खाली वळवली, समोरच्याच्या ओठांवर आणली. तो भयंकर चेहरा एकदम आर्जवी झाला. आणि सगळी टपरी दचकेल अशा आवाजात तो लूमवाला ओरडला, “सापडला माणूस, भाऊ! तुम्ही काय म्हणता, ते समजून घ्यायला धडपडतोय बघा!”