आंधळगावची मातामाय आणि मोहाडीची देवी

माझी मंदा लहान असताना मी एक नवस बोलले होते. टायफॉइडनं पोरगी अंथरुणाला खिळली होती, डोळे उघडत नव्हती. मी मोहाडीच्या आमच्या अंगणात उभी राहिले, तोंड माहेराच्या दिशेला केलं आणि आंधळगावच्या मातामायला हात जोडले. "माय, पोरीले उठव. तुझी ओटी भरीन." मंदा उठली. आधी पेज मागू लागली, मग भांडू लागली, तेव्हा मला कळलं की ऐकलं माझ्या मायनं!

आता नवस फेडायचा, एवढंच उरलं होतं. पण त्या एवढ्याशा गोष्टीपायी आमच्या मंगळवारच्या भजन मंडळात जे किस्से जमले, ते आजही आठवले की तव्यावरची भाकर करपते. किस्से धानाच्या लोंबीसारखे असतात. एक ओढायला जावं, तर अख्खी पेंढी हातात येते.

अडचण अशी होती. आंधळगावची रीत आहे, लेकीनं मातामायची ओटी भरायची तर आधी भावजयीनं घरच्या विहिरीचं पाणी देवीच्या पायावर घालायचं. पाण्याशिवाय ओटी नाही. आणि माझ्या भावजयीशी, शकुनवहिनीशी, आमचं बोलणं बंद होतं. भावानं नवं घर बांधलं तेव्हा वास्तूचं आमंत्रण द्यायला अक्षता घेऊन कोणी घरी आलं नाही. एसटीच्या कंडक्टरबरोबर चिठ्ठी आली. आमचे हे म्हणाले, "चिठ्ठीवर जायला आपण काय पार्सल आहोत?" आम्ही गेलो नाही. मग तिकडूनही कोणी आलं नाही. आंधळगाव बसनं जवळच, पण दोन वर्षं मी माहेरचा उंबरठा पाहिला नव्हता.

म्हणून एका मंगळवारी देवळात भजन संपल्यावर मी हळूच विचारलं, "बायांनो, आंधळगावची मातामाय आणि आपली मोहाडीची देवी एकच आहे का? एकच असेल तर मी ओटी इथंच भरते."

झालं! त्या दिवसापासून आरती पाच मिनिटांची आणि वाद तासाभराचा.

*

पहिला निकाल दिला गिरजाबाईंनी. त्या मंडळात टाळ वाजवत. नाकाडोंगरीच्या जंगलाकडची लेक. त्यांच्या गावच्या देवीला हंगामातली पहिली मोहफुलं वाहतात. लग्न होऊन मोहाडीला आल्या त्या वर्षी त्यांनी ओंजळभर मोहफुलं आणून आमच्या देवीपुढे ठेवली. देवळात गोड, उग्र वास सुटला. पुजारी धावत आले.

"बाई, हे काय आणलं? आमच्या देवीले हे चालत नाही."

गिरजाबाई तेव्हा नवी नवरी. डोईवरचा पदरही ढळू दिला नाही, पण म्हणाल्या, "देवी तेच आहे जी. फक्त सासरी आली. सासरी आल्यावर लेकीले माहेरचं खावं वाटत नाही का?"

तेव्हापासून दर चैत्रात गिरजाबाईंची ओंजळ देवीपुढे असते, आणि पुजारी तेवढा वेळ बाहेर जाऊन चप्पल शोधतात.

*

कुसुमकाकूंचं मत अगदी उलटं. त्यांची म्हैस एकदा हरवली होती. काकूंनी आमच्या देवीला नारळ बोलला. घरी येईपर्यंत धीर धरवला नाही, म्हणून सासूच्या गावच्या देवीलाही एक बोलून ठेवला. संध्याकाळी म्हैस आपल्या पायांनी दारात!

आता आणली कोणी? काकूंनी विचार केला, देवी शेवटी एकच. एकच नारळ फोडला. एक वाटी इथं ठेवली, दुसरी सासूच्या गावी पाठवून दिली.

"दुसऱ्या दिवशी दूध काढाले बसली," काकू सांगत, "त म्हैस दोनच सडातून दूध देऊन राहिली!"

त्यावर गिरजाबाई म्हणाल्या, "अवं, म्हशीच्या कासेले सूज असन."

"सूज असो का काही असो. दुसरा नारळ फोडला, म्हैस बरी झाली. देवी दोन आहेत. एक असती त अर्ध्या नारळावर कायले रुसली असती?"

मला रात्री स्वप्नात मातामाय दिसली ती अर्धं लुगडं नेसलेली. सकाळी उठून मी आधी मंदाच्या कपाळाला हात लावून पाहिला.

*

शेवटी मी घरीच विचारलं. आमचे हे शाळेत इतिहास शिकवत. चहा घेता घेता म्हणाले, "अगं, हा फार जुना प्रश्न आहे. ग्रीस देशाचा मोठा देव झ्यूस. रोमच्या लोकांचा ज्युपिटर. पुस्तकात लिहिलंय, दोघं एकच. फक्त नाव बदललं."

मला इतका आनंद झाला की दुसरा कप न मागता दिला! मंगळवारी मंडळात जाऊन सांगितलं. म्हटलं, नाव बदललं म्हणून काय झालं? मीसुद्धा माहेरी शांता आणि सासरी सुमन. बाई तर एकच ना?

गिरजाबाईंनी खुशीत टाळ वाजवला. कुसुमकाकू शांतपणे वाती वळत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "बाई एकच. मग सासरी जेवली त माहेरी पोट भरते का तुयं?"

घरी येताना रस्ताभर माझ्या डोळ्यांपुढे शकुनवहिनीच्या हातची कढी होती.

*

त्याच हिवाळ्यात आमच्याकडे परदेशी पाहुणे आले. आपल्या भागातले जुने तलाव पाहायला एक जोडपं आलं होतं. मोहाडीत इंग्रजी बोलणारे म्हणून यांनी त्यांना जेवायला बोलावलं. बाईंचं नाव मारिया. मी चुलीपाशी होते. भात उतरवला, तशा त्या माझ्याजवळ येऊन बसल्या आणि खुणेनं विचारलं, पहिला घास चुलीत टाकू का?

मी तर पाहतच राहिले. आपण अग्नीला नैवेद्य दाखवतो तसंच! यांनी विचारून सांगितलं, की या बाई येशूला नाही, ग्रीसच्या जुन्या देवांना मानतात. आजकाल तिकडे असे थोडे लोक आहेत म्हणे. त्यांच्यात चुलीची एक देवी आहे, हेस्तिया. पहिला घास तिचा आणि शेवटचाही तिचाच. चुलीची देवी! जगात कुठंतरी बायकांच्या चुलीला स्वतंत्र देवी आहे, हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला.

तेवढ्यात त्यांचे यजमान उठून आले आणि तेही घास टाकू लागले. पण नाव वेगळं घेतलं. व्हेस्ता. ते रोमच्या देवांना मानणारे! म्हणाले, दोघी एकच. मारियाबाई म्हणाल्या, मुळीच नाही. तुमच्या रोमची देवी सगळ्या राज्याचा अग्नी सांभाळते, माझी घर सांभाळते. नवराबायको इंग्रजीत असे जुंपले की यांना भाषांतर करताना घाम फुटला.

गिरजाबाई उसनी भांडी घ्यायला आल्या होत्या. त्यांनी थोडा वेळ ऐकलं आणि यांना म्हणाल्या, "मास्तर, बाईले विचारा, तिनं हाक मारली त कोण येते?"

यांनी विचारलं. मारियाबाई हसल्या. "मी जिला हाक मारते, ती येते. यांच्या हाकेला कोण येतं, ते यांनी बघावं."

गिरजाबाईंनी मान डोलावली. "म्हणजे यायच्याकडेही निकाल लागला नाही. टाका दोघंही घास. भात थंडा होऊन राहिला."

*

आमच्या शेजारी नलूताई राहत. सरकारी दवाखान्यात नर्स. मंदाच्या आजारात रोज येऊन इंजेक्शन देत. त्या बौद्ध घरच्या, नवस करत नसत. पण ड्यूटी संपली की देवळाच्या बाहेरच्या पारावर बसून आमचे वाद मजेत ऐकत.

"सुई मी दिली आणि लुगडं देवीले," त्या हसून म्हणायच्या. "चालते, चालते."

एकदा मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, "सुमनबाई, राग नका मानू. तुम्ही देवी एक आहे का हे विचारून राहिल्या, का वहिनीच्या घरी जा लागते का हे विचारून राहिल्या?"

गिरजाबाईंच्या हातातला टाळ तसाच राहिला. नलूताई पिशवी उचलून गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांना नेहमीसारखं लसी घेऊन आंधळगावला जायचं होतं.

*

चैत्रातला मंगळवार आला. मी ठरवून टाकलं, देवी एकच. हिरवं लुगडं, खण, नारळ, तांदूळ ताटात घेतले, मंदाचं बोट धरलं आणि आमच्या मोहाडीच्या देवळात गेले. पाण्याचं काय, हे मात्र ठरलं नव्हतं. म्हटलं, देवळातल्या हापशीचं घालू.

मंडळ जमलं होतं, पण भजन सुरू नव्हतं. देवीपुढे कोणी बाई पाठमोरी उभी होती. हातात पितळेची घागर, घागरीच्या तोंडाला ओलं फडकं बांधलेलं. वळली, तर शकुनवहिनी!

ती माझ्याकडे बघेना, मी तिच्याकडे बघेना. मग वहिनी गिरजाबाईंकडे तोंड करून बोलू लागली.

"मंदा बिमार आहे हे नर्सबाईकडून समजलं, तवा मी नवस बोलली होती. तुमच्या देवीले. पोरगी मोहाडीची, त मोहाडीच्या देवीलेच बोलाव लागते ना. तिले घर माहीत असते."

वहिनीनं घागर कमरेवर घेतली.

"इतके दिवस यायची हिंमत झाली नाही. आता नर्सबाई म्हणाली आज जा, म्हणून आली. देवी इथली आहे, पण रीत मले आमचीच येते. म्हणून घरच्या विहिरीचं पाणी आणलं." आणि मग पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "तुमच्या देवीले चालते का, विचारा ना शांताबाई."

दोन वर्षांत मला कोणी शांता म्हटलं नव्हतं.

मी कुसुमकाकूंकडे पाहिलं. देवी दोन, असं त्या आता म्हणतील असं वाटलं. काकूंनी डोळ्यांना पदर लावला होता. बाहेर पारावर नलूताई भलतीकडेच बघत बसल्या होत्या. गिरजाबाई म्हणाल्या, "एक असो का दोन असो, बसमधून घागर मांडीवर आणली बिचारीनं. घे व, घाल पाणी."

वहिनीनं देवीच्या पायावर पाणी घातलं. मी ओटी भरली.

तेव्हा ऐकणाऱ्या बायांनो, माझं एक मागणं आहे. पुढचा नवस बोलाल तो आपल्या देवीला नका बोलू. ज्या घराशी बोलणं बंद आहे, त्या घरच्या माणसांसाठी बोला, त्यांच्याच गावच्या देवीला. आणि फेडायला जाल तेव्हा पाणी आपल्या विहिरीचं न्या.