बाजूच्या खोलीतलं मशीन

माझ्या बापासारखा हेकट माणूस आसेगावच्या शिवारात दुसरा झाला नसेल. मेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलते.

बहात्तरचा दुष्काळ सरल्यावरची गोष्ट. पाटलाच्या खळ्यावर मळणीयंत्र आलं आणि पहिल्याच हंगामात त्यानं माझ्या थोरल्या भावाचा उजवा हात ओढला. कणसं आत सारताना बाही अडकली. यंत्र बंद होईपर्यंत कोपराखाली नुसता लगदा उरला होता. मी घमेलं टाकून धावले. बापानं कुऱ्हाड उचलली, आणि भावाकडे जायच्या आधी त्या यंत्रावरच घाव घातले. असला माणूस.

बैलगाडीतून तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. भावाची शुद्ध गाडीतच हरपली होती. डॉक्टर म्हणाले, हात कापावा लागेल, नाहीतर विष चढून जीव जाईल; पण भूल द्यायचं नवं मशीन आलंय, त्याला काही कळायचं नाही. ते बाजूच्या खोलीत चाकांवर उभं होतं, गॅसच्या नळकांड्यांसकट, वरून चादर घातलेलं. त्याच्याखाली निजायला कोणी तयारच नव्हतं. पहिलीच म्हातारी टेबलावर दगावली होती. तिचं आतडं आधीच सडलेलं, पण गावोगाव पसरलं काय, तर ते मशीन नाकातून जीव ओढतं.

बाप दारात आडवा उभा राहिला. "एका मशीननं हात खाल्ला. आता दुसरीले जीव देऊ काय? पोराच्या तोंडावर काही ठेवसान तर एकेकाले तोडीन." कुऱ्हाड हातात होतीच. डॉक्टर सांगून सांगून थकले. मी म्हटलं, "बा, लावू दे न." थोबाडीत अशी बसली की ओठ फाटला.

मग दंडात नुसती बधिर करायची सुई टोचली आणि करवत लावली. एवढ्याशा सुईनं काय होतं? पहिल्याच कापाला भाऊ शुद्धीवर आला. छातीवर गाडीसोबत आलेले दोन काका, डाव्या हातावर कंपाउंडर, पायांवर मी. तो गुरासारखा हंबरत होता. त्याची लाथ माझ्या पोटात बसली, मी कोलमडले आणि उठून पुन्हा पायांवर बसले. हाड तुटताना कसा आवाज येतो ते मला कोणी सांगायला नको. सगळं आटोपलं तेव्हा भाऊ पुन्हा बेशुद्ध पडला होता. बाप दारातून म्हणाला, "झालं न मशीनबिगर? उगाच भेवाडून राह्यले होते."

भाऊ वाचला. दवाखान्यात भूल द्यायला काही नव्हतंच, असं तो धरून चालला होता, आणि घरात आम्ही कोणी तोंड उघडलं नाही. पण पट्टी बदलायला गेला तेव्हा कंपाउंडर सहज बोलून गेला, "मशीन बाजूच्याच खोलीत होती गड्या. तुह्या बापानंच लावू देली नाही."

त्या दुपारी तो घरी आला तेव्हा बाप जेवत होता. भावानं ताट लाथाडलं, डाव्या हातानं बापाचा गळा धरून त्याला उताणा पाडला आणि छातीवर गुडघा रोवला. बापाच्या नाकातून रक्त आलं. आई मधे पडली, तर तिला खांद्यानं ढकलून दिलं.

"मले सोडवाले कोनी आलं होतं काय?" मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. "माह्ये पाय तूच धरले होते न? ये, याचेबी धर."

मी जागची हलले नाही. बापाच्या अंगात रग होती, एका हाताच्या पोराला त्यानं सहज उलथून टाकलं असतं. पण त्यानं माझ्याकडे पाहिलं, दोन्ही पाय सरळ लांब केले आणि मला म्हणाला, "धर व माय."